काजळीचं बिऱ्हाड

गडचांदूर
२६ जून २०२३

बाई,

फोन असताना हेमराज कागद काऊन लिहून राह्यला, असं तुले वाटन. सोळा वर्षं गिट्टीच्या क्रशरवर काढली, त्यात कान गेले. तू फोनवर बोलतेस तं मले मधमाश्यांच्या पोळ्यावानी नुसता आवाज येते, शब्द समजत नाई. तुही भावजय रीता ऐकून सांगते, पण अर्धं ती आपल्याच मनचं सांगते. तू साक्षरतेच्या वर्गात लिहाले शिकली, तुह्यं अक्षर माह्याहून चांगलं हाय. म्हणून म्हटलं, आता असंच बोलू.

खुशीची गोष्ट अशी का आपली पोरगी पिंकी बारावी पास झाली. शहात्तर टक्के पडले. चंद्रपूरले नर्सिंगमध्ये नंबर लागते म्हणून तिच्या सरांनी सांगतलं. तीन वर्षं तिथंच राहून शिकाचं हाय. पोट्टी चार दिवसांपासून आरशासमोर केस बांधून पाहून राह्यली.

माह्यं काम बरं चाललं हाय. साहेबानं मले धुळीतून काढून गेटवर बसवलं. खुर्ची हाय, पंखा हाय. पण एकदम फी भराची म्हटलं तं हातात तेवढं नाई. तुह्यापाशी दोन म्हशी हायेत. मोठी काढून टाकशीन काय? लहान ती वगार तं राहीनच. देवाजी व्यापारी तुह्या ओळखीचा हाय, तो भाव बरोबर देईन. दोन वर्षांत मी तुले दुसरी घेऊन देतो.

लिहाले लाज वाटून राह्यली, पण तुह्याशिवाय कोणाले म्हणू?

तुहा हेमराज


चिंचटोला, ता. पोंभुर्णा
४ जुलै २०२३

हेमराज,

तुही चिठ्ठी दोनदा वाचली. पिंकीचं वाचून डोळे भरून आले. तिले म्हणा, आत्यानं साऱ्या मोहल्ल्यात साखर वाटली.

पण काजळी म्हैस मी विकत नाई. राग नोको येऊ देऊ, पुढं वाच.

माह्या लग्नात तू सात वर्षांचा होता, तुले आठवत नसन. त्या लग्नासाठी बाबानं बैलजोडी विकली. मांडवात बाबा साऱ्याइले हसून पाणी वाढत होता, अन् माय बैलाच्या रिकाम्या कोठ्यात रडत होती. मले वाटलं, मी चालली म्हणून रडते. पुढच्या धानाच्या रोवण्याले घरी बैल नाई, म्हणून धानाची बांधी बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिली. दोन सालांत कर्जापायी ती बांधी बटईवाल्याच्याच नावावर गेली. बाबा मरेपर्यंत दुसऱ्याच्या घरी सालगडी राह्यला. लग्न एका दिवसाचं होतं. ते बैल अजून दहा वर्षं राबले असते.

माह्या घरीही तेच झालं. लेक उर्वशीच्या लग्नात साऱ्या शेळ्या गेल्या. तुह्या भाऊजीच्या आजारपणात गाय गेली. माणूसही वाचला नाई अन् गायही गेली. त्यानंतर मी शेजारच्या नानाजीच्या बायकोपासून एक खुडूक कोंबडी मागून आणली. तिच्या पिल्लांवर शेळीची एक पाठ, लहान मादी, घेतली. पाठीच्या सात शेळ्या झाल्या, तेव्हा त्यातल्या पाच देऊन काजळी आणली. आठ वर्षं लागली रे. या आठ वर्षांत मी दोन लुगड्यांवर राह्यली, पण दावणीचं जनावर आजच्या खर्चासाठी सोडलं नाई.

म्हणून मी पैसे पाठवत नाई, म्हैसच पाठवते. सोमवारी नानाजीच्या पिकअपमध्ये काजळी अन् तिचा दूधपिता हेला येऊन राह्यले. तुमच्याकडे लोकं पाकिटातलं दूध पितात म्हणे. त्याइले खरं दूध पाजा. दूध काढाले तुले येते, लहानपणी पाटलाच्या कोठ्यात तूच काढत होता.

हेल्याले आधी दोन घोट पिऊ द्या, मंग ती पान्हा सोडते. अन् दूध काढताना तिच्याशी बोलत राहा. मुक्या माणसाले ती लाथ मारते. नानाजी सोबत तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, दोन भारे ठेवन.

काजळी आजपासून तुही. ती पहिली वगार देईन, ती माही.

शकूबाई


गडचांदूर
१४ जुलै २०२३

बाई,

तू हे काय केलं?

मी पैसे मागतले अन् तू आमच्या दारात म्हैस उतरवून दिली! दोन खोल्यांचं घर, समोर आठ पावलांचं आंगण. नानाजी तिले खाली उतरवून चहा पिऊन निघून गेला. मालक गुणवंतराव धावतच आला. तो इतक्या जोरात बोलला का मलेही ऐकू आलं. म्हणते, "हेमराज, खोली मी तिघाइले दिली होती. हे चौथी कोण?" बाजूच्या बाया हसून राह्यल्या. काजळीनं उतरल्या उतरल्या त्याच्या बायकोनं लावलेली मेथी साफ केली.

रीता दोन दिवस माह्यासंग बोलली नाई. तणस संपत आलं. सरकीची ढेप विकत आणाची तं कायच्यानं? माही ड्युटी सकाळी आठले लागते, मी गेटवर बसू का शेण काढू? फीची तारीख वीस हाय, अन् माह्या हाती दुधाचा पितळी गंज.

येत्या सोमवारी नानाजीले पाठव. मी तिले वापस पाठवतो. तिकडंच देवाजीले देऊन टाक. मोठी बहीण हायेस म्हणून जास्त लिहीत नाई.

हेमराज


चिंचटोला
२० जुलै २०२३

हेमराज,

नानाजी सोमवारी आला नाई अन् आता येणारही नाई. मीच त्याले नाई म्हटलं.

आता मी जे लिहिते ते बसून वाच. नानाजी तिकडून आला त्या दिवशी मी त्याले विचारलं, "घरी कोण होतं? म्हैस कोणी उतरवून घेतली?" तो म्हणे, "हेमराजच होता. बनियनवर होता."

मी म्हटलं, "किती वाजले होते?"

"अकरा वाजले असन."

"अन् त्याची ड्युटी?"

नानाजी खाली पाहाले लागला. मंग म्हणे, "बाई, वहिनी चहा देताना माह्या कानात बोलली. तीन महिने झाले, त्याले कामावरून काढलं. तुमाले सांगू नोको म्हणे."

हेमराज, गेट नाई, खुर्ची नाई, पंखा नाई. तू खोटं लिहिलं म्हणून मले राग नाई आला. बाबाही मांडवात तसाच हसत होता, हेच आठवलं. पण तू मले सांगतलं असतं तं मी म्हैस काल नाई, तीन महिन्यांआधीच पाठवली असती.

आता काम नाई, तं शेण काढाले वेळ हाय. गुणवंतरावाले रोज एक शेर दूध नुसतं नेऊन दे, आठ दिवस पैसे नोको घेऊ. त्याच्या बायकोले मेथीच्या बदल्यात खत दे. तणस मी पाठवते, ढेपेचं तुम्ही पाहा.

पिंकीच्या फीचं काय झालं ते खरं लिही. खरं लिहाचं नसन तं कागद वाया नोको घालवू.

शकूबाई


गडचांदूर
११ ऑगस्ट २०२३

बाई,

खरं लिहितो.

एप्रिलमध्ये खदानीत सुरुंग लावाच्या आधीचा भोंगा वाजला. सारे मागं पळाले, मी टोपली उचलत तिथंच उभा. मले ऐकूच आलं नाई. संगच्या लच्छूनं दंडाले धरून मले ओढत नेलं. पाठीमागं दगड उडाले ते मी नंतर पाह्यले. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी हातानंच खूण केली, का येऊ नोको. त्याचंही काय चुकलं? माह्या जिवाची जोखीम तो कायले घेईन?

घरी सांगाची हिंमत झाली नाई. दीड महिना मी रोज डबा घेऊन निघालो. राजुऱ्याच्या बस स्टँडवर जाऊन बसे. गाड्या येत, लोकं चढत, मी पाहत राहे. एक दिवस रीताची मावशी तिथंच उतरली. माह्यासमोर उभी राहून काई विचारून राह्यली अन् माह्या मांडीवर भरलेला डबा. त्या दिवशी रीताले समजलं. ती रागावली नाई. डबा उघडून माह्यासमोर ठेवला, म्हणे, "जेवा."

पिंकीची फी भरली नाई. वीस तारीख गेली. ती दिवसभर काजळीच्या पाठीमागं बसून होती. संध्याकाळी उठून मले एका कागदावर लिहून दिलं, "बाबा, पुढच्या वर्षी. तोपर्यंत दूध मी वाटते." मी तो कागद पाकिटात ठेवला हाय. बाई, लेकरू रडलं असतं तं बरं वाटलं असतं.

आता बाकीचं ऐक. पहिल्या दिवशी मी दूध काढाले बसलो, काजळीनं लाथ घातली, गंज पालथा. मंग तुही गोष्ट आठवली. मी बोलाले लागलो. मले माह्या आवाजाचा अंदाज नाई, तं म्हणे मी इतक्या जोरात बोललो का सकाळी साडेपाचले घरांची सारी लाइन उठली. "काजळे, उभी राह्य व माय! काजळे, तुह्या पाया पडतो!" लोकं भांडाले आले, तं समोर फेसाचं दूध. दोघाइनं तिथंच रोजचं दूध लावून घेतलं. गुणवंतरावाले तू सांगतलं तसं दूध नेऊन दिलं. नवव्या दिवशी त्याची बायको स्वतः गंज घेऊन आली. आता कोठा बांधाले मागची जागा त्यानंच दाखवली. कारखान्याच्या क्वार्टरमधल्या एका मास्तरीणबाईले म्हशीचं दूध पाहिजे होतं. तिनं आणखी चार घरं सांगतली. पिंकी सायकलवर वाटते.

दूध सकाळ-संध्याकाळ मिळून आठ शेर होते. घरचं भागून ढेप येते. बाजूच्या बाया मले आता "काजळीवाले" म्हणतात.

नानाजीले म्हणा, मी चिडून बोललो असन तं माफ करा.

हेमराज


चिंचटोला
१९ मे २०२४

हेमराज,

तुह्या दोन चिठ्ठ्या अन् रीतानं पाठवलेलं लोणी, सारं मिळालं. काजळी आटली अन् गाभण हाय, हे वाचून बरं वाटलं. आता दोन-तीन महिने तिले चांगलं चारा. दूध नाई म्हणून वैरण कमी नोको करू. पोटातलं वासरू त्यावरच वाढते.

इकडं काई नवीन नाई. ऊन मरणाचं हाय, मी घराबाहेर निघतच नाई. वगारही गाभण हाय. उर्वशी येऊन आठ दिवस राहून गेली. नानाजीसंग आंबे अन् चारोळी पाठवून राह्यली. चारोळी पिंकीसाठी हाय, तू खाऊ नोको.

पिंकीचा नर्सिंगचा फॉर्म भराचं विसरू नोका.

शकूबाई


गडचांदूर
१८ ऑगस्ट २०२४

बाई,

काजळी बाळंतीण झाली. वगार झाली. कपाळावर पांढरा टिकला हाय. ठरल्याप्रमाणं ती तुही. पिंकीनं तिचं नाव ठेवाचं तुह्यावर सोडलं.

जूनमधली एक गोष्ट तुले लिहाची राह्यली. काजळी आटलेली. मी आजूबाजूच्या खेड्यांतून दोघा शेतकऱ्यांचं दूध आणून आपल्या गिऱ्हाइकांले देऊन राह्यलो होतो, म्हणजे घरं तुटली नाई, पण हाती थोडंच राहे. त्यातच पिंकीचा नंबर लागला. अर्धी फी सरकारच्या सवलतीतून सुटते, अर्धी आठ दिवसांत भराची. अन् कोणाच्या तरी तोंडून ऐकून एक व्यापारी दारात उभा. गाभण म्हैस, पक्का भाव. खिशातून नोटा काढूनच दाखवल्या. बाई, माह्यं मन फिरलं. मी दाव्याले हात लावला.

तेवढ्यात रीता बाहेर आली. मले तिचं तोंड दिसत होतं, म्हणून समजलं. ती त्याले म्हणे, "म्हैस नाई विकाची."

तो म्हणे, "वहिनी, अशी किंमत पुन्हा येणार नाई."

"शेण पाहिजे तं टोपलीभर घेऊन जा. ते देतो आम्ही."

तो गेला. रीता तशीच निघाली अन् आपल्या बारा घरांत गेली. दर घरी सांगतलं, पोट्टी नर्सिंगले चालली, पुढच्या दोन महिन्यांच्या दुधाचे पैसे आज देता काय? बारातल्या नऊ घरांनी दिले. मास्तरीणबाईनं वरून पिंकीले पांढरी चप्पल घेऊन दिली. पंधरा जुलैले मी पिंकीले चंद्रपूरले पोचवून आलो. वळून पाह्यलं नाई पोट्टीनं. मीच तीनदा पाह्यलं.

आता तुह्यावर येतो. तू मले खोटं लिहिलं.

उर्वशी पिंकीले भेटाले होस्टेलवर गेली होती. तिनं सारं सांगतलं. मे महिन्यात तू घरात नव्हती, तेंदूपत्ता तोडाले जंगलात जात होती. ज्या जंगलात वाघीण पिल्लं घेऊन फिरते म्हणून वनवाले दवंडी देऊन राह्यले, त्याच जंगलात! जुलैमध्ये दुसऱ्याच्या रोवण्यात चिखलात चक्कर येऊन पडली. काऊन? तं घरी दूध देणारं जनावर नव्हतं, अन् ते माह्या आंगणात बांधलेलं होतं. अठ्ठावन्न वर्षांची तू. तू माह्या खोट्याचा राग केला नाई, पण मले तुह्या खोट्याचा राग आला. रीता रडली.

म्हणून मी न विचारता एक केलं. नानाजीसंग ढेपेचे दोन पोते पाठवले हायेत, अन् दर महिन्याले येतीन. ते तुह्यापाशी असलेल्या गाभण वगारीसाठी. तिचं पहिलं येत, म्हणजे बाळंतपण, पोटभर चाऱ्यात झालं पाहिजे. येत्या हंगामात तू कोणाच्या बांधीत उतरली तं मी काजळीले घेऊन तुह्या दारात येईन अन् दूध काढताना बोलीन. साऱ्या चिंचटोल्याले ऐकू जाईन.

हेमराज


चिंचटोला
१६ ऑक्टोबर २०२४

हेमराज,

तुहं रागाचं पत्र मी रोज एकदा काढून वाचते. मले आजवर कोणी असं रागावलं नव्हतं. तुह्या भाऊजीले रागावताच येत नव्हतं.

हो, खोटं लिहिलं. तुही पहिली चिठ्ठी खोटी होती, मंग माही एक तं चालन ना? पण आता दोघंही बंद करू. तेंदूपत्त्याले मी गेली, कारण घरी बसून कोरडी भाकर खाण्यापेक्षा ते बरं वाटलं. चक्कर आली तेव्हा मात्र मीही घाबरली. बांधात आडवी पडली अन् मनात आलं, आपण मेलो तं वगारीले पाणी कोण दाखवन? मंग बायांनी उठवून बसवलं, गूळ खाऊ घातला. तेव्हापासून दुसऱ्याच्या बांधीत पाय टाकला नाई. खरं लिहून राह्यली, नानाजीले विचार.

घटस्थापनेच्या दिवशी वगार बाळंतीण झाली. तिलेही मादीच झाली. दोघी ठणठणीत हायेत. ढेप खाऊन तिची कास अशी भरली का पहिल्याच येताले सकाळचं साडेतीन शेर काढलं मी. पोंभुर्ण्याच्या हॉटेलवाल्यानं रोजचं लावून घेतलं. नानाजी सकाळी भाजी घेऊन जाते, त्याच्याच पिकअपमध्ये कॅन ठेवते. गावातल्या दोन बायांनी मले विचारलं, आमाले एखादी पाठ अर्धेलीनं दे म्हणून. शेळ्या दोनच्या चार झाल्या हायेत. दोन पाठी देऊन टाकल्या. पिल्लं झाली का निम्मी त्याइची, निम्मी माही.

तुह्याकडच्या टिकल्यावाल्या वगारीचं नाव चांदणी ठेवा. तिले इकडं पाठवू नोका. माईपाशीच वाढू द्या, दोन येतं तुमच्याकडेच होऊ द्या. मंग पाहू.

पिंकीनं होस्टेलवरून मले वेगळी चिठ्ठी टाकली. रक्तदाब मोजाले शिकली म्हणे, दिवाळीत येऊन पहिला माहा मोजन. पण दिवाळीत ती इकडं येण्यापेक्षा मीच तिकडं येऊन राह्यली. नानाजीची बायको आठ दिवस दूध काढून देईन, तिचं अन् वगारीचं जमते. मी तिले सारं दाखवून ठेवलं.

हेमराज, काल रात्रीपासून मी विचार करून राह्यली, मी आजपर्यंत कोणाच्या घरी कायले कायले गेली. मयतीले गेली. उर्वशीच्या बाळंतपणाले गेली. दुसऱ्याच्या लग्नात पोळ्या लाटाले गेली. रोवण्याले, कापणीले तं किती गावं झाली. पण नुसतं राहाले मी कोणाकडं गेली नाई. घर सोडून आठ दिवस बसून खाल्लं, असं कधी झालंच नाई.

धनतेरसच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं येते. रीताले सांग, मी कामाले नाई येऊन राह्यली. मले भांड्यांले हात लावू देऊ नोका. खाट बाहेर काजळीच्या कोठ्याजवळ टाका. सकाळी तू तिच्याशी बोलशीन तं मी पडल्या पडल्या ऐकीन. अन् चहा मले तिथंच आणून द्या.

शकूबाई